न खेळता दिलेला शेरा

४ मार्च

प्रिय बुटके,

पत्ता तुझ्या वहिनीकडून घेतला. तुम्हा दोघींचं फोनवर बोलणं होतं हे मला माहीत नाही, असं तिला वाटायचं. मीही ते तसंच वाटू दिलं होतं. आता मागायची वेळ आली तेव्हा दोघंही जरा ओशाळलो.

काम आहे म्हणून लिहितोय, तेव्हा कामाचंच लिहितो.

आमचं पत्रक अजून निघतं. दोन महिन्यांतून एकदा, सोळा पानं. टेबलाभोवती बसून, एकेक भूमिका घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचे जे खेळ आहेत, त्यांच्यासाठी हौशी माणसं घरी बसून पुरवण्या लिहितात. कोणी नवा प्रदेश लिहितं, कोणी नवं संकट, कोणी नुसते नियम. त्या आमच्याकडे येतात आणि आम्ही चौघं त्या तपासतो. पद्धत तीच. आधी वाचायची, मग तीन बैठका खेळायची, मग शेरा द्यायचा: 'खेळण्याजोगी', 'दुरुस्त करून पाठवा' किंवा 'नको'. दिवसभर मी अजूनही दुकानादुकानांतून काटे आणि वजनं तपासत हिंडतो. तू म्हणायचीस, दादाला सुट्टीच्या दिवशीही कोणाचं तरी माप कमी भरल्याशिवाय घास उतरत नाही. त्यात बदल नाही.

गेल्या आठवड्यात एक पुरवणी आली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला तीन-चार हातांनी पेन्सिलीत लिहिलेलं. दुसऱ्या ओळीलाच ओळखलं. 'डोंगरावरचं घर'. तुझं. वाटा बंद झालेलं घर, वरच्या खोलीत एक आजारी माणूस, खाली पाचजण, आणि दर फेरीला त्यांतल्या एकाने बाहेरचं सगळं सोडून आजाऱ्यापाशी बसायचं.

पाठवणारा एका डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ आहे. त्याने लिहिलंय, 'ही आमची नाही. पण चार वर्षं खेळतोय आणि खेळता खेळता बरीच बदलली. तपासून द्याल का?'

दुसऱ्याची पुरवणी बदलून केलेली असेल, तर मूळ लेखकाच्या परवानगीशिवाय तपासायची नाही असा आमचा नियम आहे. तेव्हा हो किंवा नाही, एवढं कळव.

तुझ्या पुरवणीवरचा माझा सहा वर्षांपूर्वीचा 'नको' हा शेरा आहे तसा आहे. तीन बैठका खेळून, पद्धतीप्रमाणे दिलेला होता. तो उकरून काढायला हे पत्र नाही.

वहिनी बरी आहे. गुडघा धरतो तिचा, पण ते तुला माझ्याआधी कळलं असेल.

दादा


२१ मार्च

प्रिय बुटके,

तुझं उत्तर नाही. परवानगीशिवाय तपासायचं नाही असा नियम आहे. बघायला जायचं नाही असा नियम नाही. म्हणून गुरुवारी जाऊन आलो.

दुसऱ्या मजल्यावर लांबट हॉल. दोन्ही बाजूंना मागे कलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी माणसाच्या उंचीचं मशीन. रक्त एका नळीतून बाहेर येतं, गाळून दुसरीतून परत जातं. चार तास. आठवड्यातून तीन दिवस. सुया टोचलेला हात हलवायचा नाही. मला वाटलं होतं तिथे औषधांचा वास येईल. येतो तो व्हिनेगरसारखा. मशीन धुतात त्याचा.

खिडकीकडच्या तीन खुर्च्या खेळणाऱ्यांच्या. खेळ चालवणारा म्हणजे तो तंत्रज्ञ. तिशीचा असेल, बोलतो हळू, पण सूत्रधार म्हणून बसला की आवाज बदलतो. मध्येच उठतो, कोणाचा तरी रक्तदाब बघून येतो आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचलतो. फासे एकाच हाताने टाकायचे. त्यासाठी स्टीलचा तो अर्धचंद्रासारखा ट्रे घेतात, मूत्रपिंडाच्या आकाराचा. 'आमच्यापैकी कुणाचं चालणारं मूत्रपिंड असेल तर ते हेच,' असं तिथला टॅक्सीवाला म्हणाला. हा त्यांचा ठरलेला विनोद असावा, कारण बाकीचे हसले नाहीत, पण मी हसतो का ते सगळ्यांनी बघितलं. ट्रेमध्ये फासे खणखणतात, पलीकडच्या रांगेतली माणसं दचकून उठतात, म्हणून तळाला पट्टीचं कापड अंथरलेलं.

टॅक्सीवाल्याशेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणू लागलो. त्यांच्या पलीकडे एक नवराबायको. आजारी नवरा आहे, बायको सोबतीला येते; दोघांत मिळून एकच पात्र, आणि त्या पात्राने काय करावं यावरून दोघांचं रोज वाजतं. तुझी मूळ प्रत ज्या गृहस्थांनी तिथे आणली, ते आता नाहीत. त्यांची खुर्ची टॅक्सीवाल्याला मिळाली.

त्यांनी काय बदललंय ते सांगतो. तुझ्या पुरवणीत आजारी माणूस कोणीच खेळत नाही. तो नुसता वर पडून असतो. मी तेव्हा लिहिलं होतं की हा आजारी खेळातलं पात्र नाही, सामान आहे. त्यांनी तो खेळायला दिलाय. ज्याला त्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास होतोय, त्याने आजारी व्हायचं. डोळे मिटून पडलं तरी चालतं, खेळाबाहेर जात नाही. आणि त्याला एक हक्क: बैठकीत एकदा कोणालाही एक प्रश्न विचारायचा. ज्याला विचारला त्याने खोटं बोलायचं नाही.

'हे कोणी सुचवलं?' मी विचारलं.

'कोणी नाही,' तंत्रज्ञ म्हणाला. 'एकदा बाईंचा रक्तदाब फार उतरला. त्या म्हणाल्या, मी आज नाही खेळत. टॅक्सीवाले म्हणाले, मग वरच्या खोलीत झोपा, खोली रिकामीच आहे.'

चार तास बसलो. माझ्या वहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही. असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

हो किंवा नाही कळव. ती माणसं वाट बघतायत.

दादा


९ एप्रिल

प्रिय बुटके,

तुझं कार्ड मिळालं. 'परवानगी आहे. माझं नाव काढा.' सहा वर्षांनी पाच शब्द, आणि त्यांतले तीन नाव काढायला.

तंत्रज्ञाला दाखवलं. तो म्हणाला, 'नाव कसं काढणार? आम्ही घराला तुमच्या बहिणीच्याच नावाने ओळखतो. आज त्यांच्या घरी जायचं ना, असं नाव घेऊन विचारतात लोक.' मी म्हटलं, लेखकाची इच्छा. त्याने नावावर अजून काट मारलेली नाही.

परवानगी मिळाल्यावर तपासणी सुरू केली. म्हणजे तीन बैठका खेळायच्या. दोन झाल्या. दुसऱ्या बैठकीत जे झालं ते तुला सांगणं भाग आहे. दोनदा कागद फाडून हा तिसरा घेतलाय.

त्या दिवशी बाई आल्या त्याच पांढऱ्याफटक पडून. सुया लावता लावताच म्हणाल्या, आज मी वरच्या खोलीत. मी वाटाड्या होतो. माझी पाळी आली आणि मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो, म्हणजे स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीजवळ नेलं. खाली टॅक्सीवाला आणि ते नवराबायको पुलावर कोणाशी तरी झुंजत होते. मी आजाऱ्याच्या शेजारी. काही करायचं नाही. ऐकायचं, आणि बाईंच्या मशीनवरचे आकडे बघायचे. 'एक खेळाडू पूर्ण फेरी बिनकामाचा बसतो, हे या पुरवणीतलं सगळ्यांत मोठं भगदाड आहे' हे वाक्य माझं. मी त्या भगदाडात बसलो होतो, बुटके, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

बाईंनी डोळे न उघडता विचारलं, 'परीक्षक, माझा आजचा प्रश्न तुम्हाला. तुम्ही ही पुरवणी तेव्हा खेळला होतात का?'

मला ठाऊक नव्हतं की त्या मूळ प्रतीला माझ्या जुन्या शेऱ्याचं कात्रण टाचलेलं आहे. चार वर्षं ती माणसं माझं लिहिलेलं वाचून मग खेळत होती.

मी म्हणालो, 'नाही.'

'एकदाही?'

'एकदाही नाही. वाचलीसुद्धा घाईत.'

पुलावरची झुंज थांबली होती. तंत्रज्ञाने उगीचच एक नळी तपासली.

'वाटलंच,' बाई म्हणाल्या. 'चाळीस वर्षं वह्या तपासल्यात. न वाचता मारलेली बरोबरची खूण मला लांबून ओळखू येते.'

'मी खूण नव्हती मारली. फुली मारली होती.'

'फुली तर आणखी लवकर ओळखू येते. जोरात मारलेली असते.'

मग त्यांनी पाणी मागितलं. त्यांना मोजून घोटभरच चालतं. मी दिलं. टॅक्सीवाल्याने फासे उचलले आणि खेळ पुढे गेला.

तो शेरा छापून आल्यावर तू फोन केला होतास. रडली नाहीस, भांडली नाहीस. एवढंच विचारलंस, 'दादा, खेळलास का?' मी म्हणालो, 'तीन वेळा.' तू म्हणालीस, 'मग ठीक आहे,' आणि फोन ठेवलास. त्यानंतर तू काही लिहिलं नाहीस, हे मला वहिनीच्या चेहऱ्यावरून कळत गेलं.

खोटं बोललो होतो. कोणाचा काटा हात न लावता खोटा ठरवला असता, तर माझी नोकरी गेली असती आणि जायलाच हवी होती.

दादा


३ मे

प्रिय बुटके,

मागच्या पत्राला उत्तर येणार नाही हे मी धरून चाललो होतो. न खेळता का लिहिलं, हे मी त्यात सांगितलं नव्हतं. तेवढं एक मी चलाखीने गाळलं. तुझ्या वहिनीला मात्र सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'हे मला सांगून तू मोकळा होशील. पत्ता दिलाय ना तुला?'

तर सांगतो.

बाबांचं शेवटचं वर्ष मी काढलं. उठवणं, बसवणं, नखं कापणं, चादरी. तू तीनदा आलीस. तू आलीस की बाबांचा चेहरा उजळायचा. ते तुला गोष्टी सांगायचे, ज्या मी त्यांच्याशेजारी वर्षभर बसून ऐकल्या नव्हत्या. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळत नसे. आता कळतं की रोज समोर दिसणाऱ्या माणसाकडे बघून कोणाचाच उजळत नाही. तेव्हा कळत नव्हतं.

ते गेले, आणि आठ महिन्यांनी टपालाने तुझी पुरवणी आली. वरच्या खोलीत आजारी माणूस. त्याच्यापाशी पाळीपाळीने बसणारी माणसं. मी दहावं पान गाठलं नाही. मनात म्हटलं, तीनदा येऊन गेली आणि हिने त्याचा खेळ केला. शेऱ्यात लिहिलं, 'लेखिकेला विषयाचा अनुभव नसावा असं जाणवतं.' ते वाक्य मी चार वेळा घासूनपुसून लिहिलं होतं. बाकीचा शेरा त्या एका वाक्यासाठी लिहिला.

आता यापुढचं. हे वहिनीलाही माहीत नव्हतं.

तू दर रविवारी फोन करायचीस. 'येऊ का?' विचारायचीस. मी म्हणायचो, सगळं ठीक आहे, तुझी ओढाताण नको. ते तुझ्या काळजीने म्हणत नव्हतो. तू यायला नको होतीस मला. जे चाललं होतं ते माझं होतं, त्यात वाटेकरी नको होता. आणि शेवटच्या महिन्यात बाबांनी मला दोनदा सांगितलं, बुटकीला बोलाव. दोन्ही वेळा मी म्हणालो, तिला सुट्टी नाही. तुला विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे तुला अनुभव येऊ दिला नाही तो मीच, आणि अनुभव नाही म्हणून फुली मारली तीही मीच.

एवढं लिहून झालं. आता कामाचं.

तिसरी बैठक झाली. नवं परीक्षण लिहिलं, सोबत जोडलंय. जुना शेरा मागे घेतो, तो न खेळता दिला होता, हे पहिल्याच ओळीत आहे. आमचे संपादक नाराज आहेत. म्हणाले, 'एक शेरा मागे घेतलास तर ज्यांना ज्यांना तू नको म्हणालास, ते सगळे उद्या दारात उभे राहतील.' मी म्हटलं, राहू देत, पुन्हा खेळू. त्यांना ते पटलं नाही. परीक्षण छापायला तयार झाले, पण तपासनिसांच्या यादीतून माझं नाव काढलं. चूक नाही त्यांची. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

नव्या परीक्षणात तुझी नुसती वाहवा नाही. नवव्या पानावरचा शिध्याचा तक्ता चुकलेला आहे. त्याप्रमाणे खेळलं तर चौथ्या फेरीत घरातले सगळे उपाशी मरतात, संकट दारात यायच्या आधीच. केंद्रातल्या लोकांनी तो केव्हाच दुरुस्त केला होता. टॅक्सीवाला म्हणाला, 'लिहिणाऱ्या ताईंना स्वयंपाकाचा अंदाज नसावा.' लाकडं फोडण्याचे नियम गरजेपेक्षा लांब आहेत. पण बिनकामाची फेरी हा दोष नाही, पुरवणीचा कणा तीच आहे, असं लिहिलंय. कारण मी ती फेरी बसून काढली. शेरा: खेळण्याजोगी.

तुझं नाव तंत्रज्ञाने अजून काढलेलं नाही. माझ्याच्याने ते काढवत नाही. तूच त्याला लिही काय ते. पत्ता खाली देतो.

दादा


१४ जून

प्रिय बुटके,

काल जेवताना फोन वाजला. वहिनीने उचलला, 'हो, आहे' म्हणाली आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. तोवर मला वाटत होतं, तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरांचा असेल.

तुझा आवाज जाडा झालाय. किंवा मी विसरलो होतो.

तू तंत्रज्ञाला लिहिलेलं पत्र बाईंनी सगळ्यांना वाचून दाखवलं, चष्मा लावून, वर्गात वाचावं तसं. नाव राहू द्या म्हणालीस ते ऐकून त्या नवराबायकोंनी टाळ्या वाजवल्या. एकेकच हात मोकळा असतो तिथे, पण बायको नुसती सोबतीला असल्यामुळे जमलं. शिध्याच्या तक्त्याबद्दल तू टॅक्सीवाल्याची माफी मागितलीस ती त्याने मोठ्या मनाने स्वीकारली. मला मात्र ते पत्र हातात दिलं नाही. त्यात माझ्याबद्दल काही असेल, तर ते त्यांनी वगळून वाचलं. मी विचारलं नाही.

बाईंचं आता फार बरं नसतं. मधले दोन गुरुवार त्या रुग्णालयात होत्या. तू येणार म्हटल्यावर म्हणाल्या, 'लवकर ये म्हणावं तिला. मला तिच्याशी घराच्या जिन्याबद्दल बोलायचंय. तो नकाशात कुठेच नाही. मग आम्ही वर जातो कसे?' मी नकाशा पुन्हा काढून बघितला. खरंच नाही. तीन बैठका खेळून माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

आता तू फोनवर जे विचारलंस ते. बाबा नेमकं काय म्हणाले, शब्द काय होते. मला फोनवर सांगता आलं नाही. वहिनी समोर होती म्हणून नाही. तू म्हणालीस, 'लिहून पाठव. येईपर्यंत मला मिळायला हवं.'

पहिल्यांदा सकाळी, मी त्यांची दाढी करत होतो. म्हणाले, 'बुटकीला बोलाव रे.' मी म्हणालो, तिला सुट्टी नाही. त्यांनी मान हलवली. वस्तरा लागेल म्हणून मी हनुवटी धरली. बस, एवढंच.

दुसऱ्यांदा त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. दुपार होती. मला वाटलं झोपलेत. म्हणाले, 'ती येत नाही ना? मग निदान तिला सांग, मी रागावलेलो नाही. तेव्हाही नव्हतो. तिला म्हणावं, मी मागे वळून बघितलं होतं.'

मी 'बरं' म्हणालो.

कशाबद्दल, कधी, कुठे मागे वळून, मला काही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. तुमच्या दोघांतलं काहीतरी आहे एवढं कळलं, आणि तेवढंच मला सहन झालं नाही. तुला सांगितलं नाही. हे शब्द तंतोतंत आहेत. सात वर्षांत एकही इकडचा तिकडे झालेला नाही, कारण मी ते कोणाला सांगितलेच नाहीत.

तुला कळतील ते कशाबद्दल होते. मला सांगायची गरज नाही.

शनिवारी स्टेशनवर येऊ नकोस म्हणालीस, तर येत नाही. वहिनी येईल. तू आधी केंद्रात जाऊन मग घरी ये, किंवा सरळ घरी ये, किंवा केंद्रातूनच परत जा. मी दिवसभर घरी आहे.

दादा